नकटीला शिकवलेला वास

मुलांनो, गोष्ट सांगणारे नेहमी म्हणतात, डोळ्यांपुढे आणा. आज आपण जरा वेगळं करू. डोळे मिटून घ्या आणि नाकापुढे आणा. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली, की मध्ये भिंत असूनही तुम्हाला कळतं. उन्हात वाळलेली चादर, नव्या पुस्तकाची पानं, पेट्रोल, भिजलेलं कुत्रं, यातलं काहीही न बघता तुम्ही ओळखता. आता असं समजा, की हे ओळखणारं नाक कुणाच्या तोंडावर नाही, एका पत्र्याच्या पेटीत बसवलेलं आहे.

आलं नाकापुढे? मग आणखी एक कल्पना करा. तुम्ही कॉलेजात जाल त्या सुमाराची ही गोष्ट आहे. कपड्यांचा साबण, फरशीचं फिनेल, संडास धुवायचं ॲसिड असल्या वस्तू प्लॅस्टिकच्या बाटलीतून विकायला तोवर बंदी झाली आहे. सगळीकडे एकाच मापाची, एकाच आकाराची, गडद तपकिरी जाड काचेची बाटली. तिचं नाव परतबाटली. माल संपला की धुवायची आणि पुन्हा भरून आणायची. आज तिच्यात फिनेल तर पुढच्या महिन्यात साबण. ओढ्यानाल्यांतला कचरा खूप कमी झाला. पण एक नवी अडचण उभी राहिली. सगळ्या बाटल्या सारख्या दिसायला लागल्या. कोणत्या बाटलीत आधी काय होतं, हे बघून सांगता येईना.

आणि ते सांगता येणं फार गरजेचं होतं.

कऱ्हाडच्या संगम कॉलनीतली उर्मी थोरात सहावीत होती, पण हे तिला दुसरीपासून ठाऊक होतं. तिची आई वैजयंता रसायनशास्त्र शिकलेली. कॉलनीतल्या बायकांच्या बचतगटानं इमारतीच्या तळघरात, जिथे पूर्वी सायकली ठेवत, तिथे भरणघर काढलं, तेव्हा ते सांभाळायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. पायऱ्या उतरून खाली गेलं की भिंतीला चार टाक्या आणि चार नळ. निळ्या टाकीत संडासाचं ॲसिड, पांढऱ्या टाकीत कपड्यांचं ब्लीच. त्या दोन टाक्या आईनं मुद्दाम समोरासमोरच्या भिंतींना लावून घेतल्या होत्या.

"ही दोघं एकेकटी असताना शहाणी असतात," ती उर्मीला सांगायची. "ब्लीचमध्ये क्लोरीन असतो, पण तो तिथं बांधलेला असतो. ॲसिड आलं की ती गाठ सुटते आणि क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो. पिवळट हिरवा. हवेपेक्षा जड, म्हणून वर जात नाही, जमिनीवर पसरतो. नाकात, घशात, छातीत जिथं ओल असेल तिथं जाऊन पुन्हा ॲसिड बनवतो. आतून जाळतो."

"मग काय करायचं?"

"ओतायचंच नाही. आणि कुणी ओतलंच, तर त्याच्यावर दुसरं काही ओतायचं नाही, खाली वाकायचं नाही, तिथून निघून उंच आणि मोकळ्यावर जायचं."

हे झालं शास्त्र. पण कॉलनीतल्या बायकांची एक रीत शास्त्राच्या आड येत होती. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही ती रीत. तुमच्याही घरी असेल. खिरीचा डबा आला तर जाताना त्यात निदान चमचाभर साखर जाते. मग परतबाटली तरी रिकामी कशी न्यायची? सुरुवातीला बाटल्यांमधून काय काय आलं, ते सांगितलं तर हसाल. तांदळाचे दाणे, साखर, तुळशीची पानं, एकदा तर लवंग. आईनं हात जोडले, समजावलं, शेवटी तोड काढली, की आत काही नको, हवं तर गळ्याला एक फूल बांधा. तेव्हापासून भरणघरात फुलं बांधलेल्या बाटल्यांची रांग लागायची आणि देवघरासारखं दिसायचं.

या रांगेची तपासणी उर्मी करायची. आईनं तिला दोन कागद करायला शिकवले होते. एक हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला, दुसरा जास्वंदीच्या. बाटलीत घोटभर पाणी घालून हलवायचं आणि कागदावर थेंब टाकायचा. साबण राहिला असेल तर हळद लाल होते. ॲसिड राहिलं असेल तर जास्वंद गुलाबी होते. ब्लीच असेल तर हळदीचा कागद आधी लाल होतो आणि बघता बघता पांढराफटक पडतो, जणू त्याला घाबरवलंय. शाळेतून आल्यावर उर्मी स्टुलावर बसून थेंब टाकायची आणि आई नळाशी उभी राहून विचारायची, "काय म्हणतेय?" उर्मीनं "स्वच्छ, भर" म्हटल्याशिवाय आई नळाला हात लावत नसे. आईचा हात आपल्या शब्दावर थांबतो, ही गोष्ट उर्मीला फार आवडायची. ती कुणाला बोलून दाखवत नव्हती इतकंच.

मग नकटी आली.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन माणसं ती पेटी घेऊन आली. पुढे घंटेच्या आकाराची एक टोपी, तिच्याखाली बाटली ठेवायची, बाजूला एक हिरवं बटण. पेटीला नाकासारखं काही दिसत नाही, म्हणून बाटल्यांचा हातगाडा ओढणाऱ्या नसीमचाचींनी तिला बघितल्याबरोबर नकटी नाव ठेवलं आणि तेच राहिलं.

ती वास कसा घेते, हे आईनं बायकांना समजावलं ते असं. टोपीच्या आत ठिपक्यांच्या रांगोळीसारखे पुष्कळ ठिपके आहेत. एकाही ठिपक्याला कोणताही वास नीट कळत नाही. पण वास आला की काही ठिपके जास्त थरथरतात, काही कमी, काही मुळीच नाही. फिनेल आलं तर एक रांगोळी उमटते, साबण आला तर दुसरी. यंत्राला फक्त रांगोळी दिसते. तिचं नाव त्याला हिरवं बटण दाबून माणसानंच सांगावं लागतं. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाटल्या दाखवून. लहान मुलाला आपण हा काऊ, ही चिऊ असं दाखवतो, तसं.

उर्मी मागे उभी राहून ऐकत होती. आईनं नवीन काही कळल्यावर ते आधी तिला न सांगता चारचौघींत सांगितलं, असं आजवर झालं नव्हतं.

नकटीला बोलायला आवाज लागतो, तो आईनं आपलाच दिला. एक दुपारभर ती पेटीसमोर बसून वाक्यं वाचत होती. संध्याकाळी उर्मी पायऱ्या उतरत असताना आईचा आवाज आला, "स्वच्छ आहे. भर." उर्मीनं आत बघितलं तर आई तोंड मिटून नळाशी उभी होती. बोलली होती ती पेटी. आणि आईनं नळ सोडला.

त्या दिवशी उर्मीच्या कागदांना कुणी हात लावला नाही. आई म्हणाली, की आता तुला खेळायला वेळ मिळेल. उर्मीनं मान हलवली.

आई पूर्वी संध्याकाळी घरी येऊन हळद कालवायची, ती आता उशिरापर्यंत भरणघरात राहू लागली. जेवताना नकटीच्याच गोष्टी. आज तिनं लिंबू आणि व्हिनेगर वेगळं ओळखलं. आज तिनं विचारलं, की काल तर हा वास तू वेगळा सांगितला होतास, नक्की? आई हसून सांगायची, की शंका आली तर विचारते, मुकाट ऐकून घेत नाही, गुणी आहे. साखर कारखान्यातून पाळी संपवून आलेले बाबा ताटावरून म्हणाले, "म्हणजे आमच्या उर्मीला धाकटी बहीण झाली म्हणायची." आईबाबा दोघंही हसले. उर्मी अर्ध्या ताटावरून उठली.

एकदा ती मुद्दाम आईला शोधत खाली गेली. चित्रकलेत तिचा पहिला नंबर आला होता. आई पेटीकडे तोंड करून बसली होती, टोपीखाली बाटली होती आणि आई त्या पत्र्याला म्हणाली, "शाब्बास गं बाळा." उर्मी आल्या पावली वर गेली. चित्र तिनं दप्तराच्या तळाला, जुन्या डब्याखाली ठेवून दिलं.

मत्सर ही मोठी विचित्र चीज आहे, मुलांनो. तो आला की आपण मत्सर करतोय असं वाटतच नाही. आपल्यावर अन्याय होतोय आणि तो आपल्यालाच निस्तरायचाय, असं वाटतं. उर्मीला नकटीचं वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त आईला दाखवून द्यायचं होतं, की पेटी चुकते आणि कागद चुकत नाही. तोवर जिल्ह्याहून निरोप आला, की एक अधिकारी बाई नकटीचं काम बघायला येणार आहेत आणि त्यांना पसंत पडलं तर अशी पेटी गावोगावच्या भरणघरांत जाईल. उर्मीनं ठरवलं. त्या बाईंच्या समोर नकटी ब्लीचच्या बाटलीला स्वच्छ म्हणेल. मग उर्मी पुढे होऊन थेंब टाकेल, हळद लाल होईल आणि पांढरी पडेल. आई बघत राहील. नळावरचा तिचा हात पुन्हा उर्मीसाठी थांबेल.

आई आणि नसीमचाची दुपारी माल आणायला जात. उर्मीला किल्लीची जागा माहीत होती. तिनं ब्लीचची एक बाटली अर्धवट खळबळून घेतली, आत वास जेमतेम राहील इतकीच. ती टोपीखाली ठेवली, हिरवं बटण दाबलं आणि म्हणाली, "रिकामी. स्वच्छ."

पेटी थोडी थांबली. मग आईच्या आवाजात म्हणाली, "उर्मी, हा वास याआधी मला ब्लीच म्हणून शिकवलाय. नक्की?"

आईनंच नाव घेऊन विचारल्यासारखं उर्मीला वाटलं. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही हे नकटीला सांगून ठेवावं लागे. आईनं दोनच आवाज शिक्षक म्हणून सांगितले होते, आपला आणि उर्मीचा. हे आईनं तिला कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा उर्मी रुसलेली असेल. तिच्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं, की बघा, हिला माझं नावही घेता येतं.

"नक्की," ती म्हणाली.

एका बाटलीनं यंत्र शिकत नाही, हे तिनं आईकडूनच ऐकलं होतं. म्हणून ती रोज दुपारी गेली. रोज वेगळी बाटली, रोज तोच पुसट वास, रोज तेच नाव. नकटीचा प्रश्न हळूहळू बंद झाला. ती मुकाट "स्वच्छ आहे" म्हणू लागली. उर्मी चांगली शिक्षिका होती. आईवर गेली होती.

अधिकारी बाई आल्या तो शनिवार होता. भरणघराच्या उंबऱ्याला रांगोळी घातली होती, आईनं इस्त्रीची साडी नेसली होती. बायका पायऱ्यांवर आणि वर अंगणात उभ्या होत्या. उर्मी सगळ्यांत वरच्या पायरीवर. तिच्या फ्रॉकच्या खिशात हळदीचा कागद होता आणि तिनं तयार केलेली बाटली रांगेच्या शेवटी, झेंडूचं फूल बांधून ठेवलेली होती.

तेवढ्यात गोदाआज्जी आल्या. गावाहून आपल्या मुलाकडे राहायला त्या नुकत्याच आलेल्या. दम्यामुळे पायरी पायरीवर थांबत होत्या. उर्मीपाशी टेकल्या तेव्हा पिशवीतली बाटली मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, की फूल बांधलं नाही तर चालंल का. उर्मी म्हणाली, चालेल.

"फुलाचं काय, दोन घटकेत सुकतंय," आज्जी म्हणाल्या. "मी आपलं तळाला वाईच पांढरं ठिवलंय. घरात कापडाचं औषध उरलं व्हतं ते पेलाभर वतलं. रिकामी बाटली लोकाच्या दारात कशी न्यायची गं पोरी? तुमच्या त्या निळ्यातलं भरून द्या म्हंजे झालं."

असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि नळाजवळच्या बुटक्या स्टुलावर बसल्या.

पांढरं म्हणजे ब्लीच. निळ्यातलं म्हणजे ॲसिड. उर्मीला हे समजायला क्षणही लागला नाही. ती उठून उभी राहिली. पण तिनं हाक मारली नाही. तिनं विचार केला, की आपण नकटीला फक्त पुसट वास शिकवलाय, पेलाभर ब्लीचचा उग्र वास ती ओळखेलच. हा विचार खरा वाटण्यासारखा होता. त्याच्या मागे आणखी एक विचार उभा होता, तो तिनं नीट बघितला नाही. समजा नाहीच ओळखला, तर सगळ्यांसमोर चुकेल, आणि मग मी सांगेन.

इथं थोडं थांबून नकटीच्या बाजूनं बघू. तिच्यासाठी वास म्हणजे रांगोळीचा आकार. ठिपके हळू थरथरले काय आणि जोरात थरथरले काय, आकार तोच. पुसट रांगोळीचं नाव स्वच्छ असं पक्कं शिकवल्यावर ठसठशीत रांगोळीचं नाव तिनं दुसरं का ठेवावं? तिनं शिकवल्याप्रमाणेच केलं.

आई अधिकारी बाईंना काही समजावत होती. आज्जींनी निळ्या टाकीकडे बोट केलं. बोलता बोलताच तिनं आज्जींच्या हातून बाटली घेऊन टोपीखाली ठेवली. जाड काचेच्या त्या जड बाटलीत आणखी थोडं जड काही आहे, हे तिच्या हाताला कळलं नाही. पेटी तिच्याच आवाजात म्हणाली, "स्वच्छ आहे. भर." आणि आईनं निळ्या टाकीचा नळ सोडला.

"आई, नको," उर्मी म्हणाली. तिला वाटलं ती ओरडली. प्रत्यक्षात आवाज कुजबुजीपेक्षा मोठा निघाला नव्हता.

बाटलीच्या तोंडातून काहीतरी वर आलं आणि लगेच खाली वळलं. पिवळट हिरवं, धुक्यासारखं, पण धुक्यापेक्षा आळशी. ते टेबलाच्या कडेवरून ओघळलं आणि जमिनीवर पसरत बुटक्या स्टुलाकडे निघालं. आईनं नळ बंद केला, अधिकारी बाईंना पायऱ्यांकडे ढकललं आणि मागे वळली. आज्जी स्टुलावरून घसरून खाली बसल्या होत्या. त्यांना श्वास घेता येत नव्हता.

"वाकू नकोस," आता मात्र उर्मी खरंच ओरडली.

आईला ते माहीत नव्हतं थोडंच. तिनंच शिकवलं होतं. पण आज्जी खाली होत्या, म्हणून ती वाकली. आज्जींच्या काखेत हात घालून तिनं त्यांना उचललं, पायऱ्यांपर्यंत ओढत आणलं आणि तिथंच ती कोसळली. उर्मी श्वास कोंडून चार पायऱ्या उतरली आणि तिनं आज्जींचा हात धरला. मागून नसीमचाचींनी आईच्या कमरेला मिठी मारली. कसं कुणाला वर आणलं हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. अंगणात वारा होता. उर्मीनं सगळ्यांना वारा येत होता त्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर न्यायला लावलं. कुणी तरी बादलीभर पाणी घेऊन पायऱ्यांकडे धावली, तर उर्मी तिच्या आडवी उभी राहिली. आत काहीही ओतायचं नाही, कुणी खाली जायचं नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. अग्निशमन दलाची माणसं तोंडाला मुखवटे लावून उतरली तेव्हा कुठे ती तिथून हलली.

आज्जी वाचल्या. आईही वाचली. पण आईचा घसा आतून भाजला होता. डॉक्टरांनी सांगितलं, की कित्येक आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही.

आता बघा काय झालं. उर्मीला जे जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं. नकटी चुकली, आणि ती सगळ्यांसमोर चुकली. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, की पोरीनं चौघींचा जीव वाचवला. गोदाआज्जी दवाखान्यातून आल्या त्या उर्मीच्या गालावरून हात फिरवून रडल्या. सगळा दोष माझ्या मेलीचा, म्हणाल्या. नसीमचाची म्हणाल्या, की त्या पेटीपेक्षा आपला हळदीचा कागद बरा होता. जिल्ह्याहून निरोप आला, की पुढच्या आठवड्यात सोमवारी गाडी येईल आणि पेटी मोडीत काढायला नेईल. आणि आईनं घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे, की वाटीत हळद कालवली, कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि वाटी उर्मीपुढे सरकवली.

उर्मी पट्ट्या बुडवत बसली. बोटं पिवळी झाली. आई समोर होती, दोघींच्या मध्ये पेटी नव्हती, कुणी नव्हतं. तिला वाटलं होतं तसं काही वाटेना.

आईकडे बोलण्यासाठी उर्मीची जुनी पाटी होती. तिच्यावर ती काहीबाही लिहायची, पाणी दे, बाबा आले का. त्या संध्याकाळी तिनं लिहिलं, "मी तिला कुठे चुकीचं शिकवलं?"

उर्मीनं वाचलं आणि पुढची पट्टी हळदीत बुडवली.

आईनं पुसून पुन्हा लिहिलं. ती रोज रात्री पडल्या पडल्या एकेक धडा आठवून बघत होती. ब्लीच तर तिनं सगळ्यांत जास्त वेळा शिकवलं होतं. तरी चुकलं, म्हणजे चूक तिचीच. जिला नीट शिकवता येत नाही तिनं दुसऱ्यांच्या जिवाशी खेळू नये. भरणघराची किल्ली ती सोमवारी गटाला परत करणार होती. एवढं सगळं तिनं एका पाटीवर, पुसत पुसत लिहिलं. शेवटी लिहिलं, "तू मात्र शाब्बास गं बाळा."

बोलायला आवाज असता, तर हेच शब्द आईनं म्हटले असते. उर्मी महिनोन् महिने याच शब्दांची वाट बघत होती. ते आता पाटीवर पांढऱ्या अक्षरांत होते आणि तिला ते पुसून टाकावेसे वाटत होते. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून हात धूत राहिली. हळद निघत नाही लवकर.

सोमवारी गाडी आली. अधिकारी बाईही आल्या होत्या. बायका अंगणात जमल्या. तळघराची दारं त्या दिवसापासून सताड उघडी होती, आता वास उरला नव्हता. आई शाल पांघरून खाली गेली, किल्ली मुठीत घेऊन. माणसांनी पेटीची वायर काढायला हात घातला.

"थांबा थोडं," उर्मी म्हणाली.

झेंडूचं फूल बांधलेली तिची बाटली कोपऱ्यात तशीच होती. फूल वाळून तपकिरी झालं होतं. गोष्टीतल्या या क्षणी उर्मी गप्प बसली असती तर कुणालाही, कधीही काही कळलं नसतं. आईलाही नाही. हे तिला माहीत होतं. पायऱ्यांवर बायका होत्या, गोदाआज्जी होत्या, आणि सगळ्या तिच्याकडे आपुलकीनं बघत होत्या. ती शेवटचीच वेळ असेल, असं तिला वाटलं.

तिनं बाटली उचलून टोपीखाली ठेवली. हिरवं बटण दाबलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही स्वच्छ नाही. हे ब्लीच आहे."

पेटी थांबली. मग भरणघरात आईचा आवाज आला. भाजण्याआधीचा, स्वच्छ, किंचित हसरा. तो ऐकून आईचा हात आपल्याच गळ्याकडे गेला.

"उर्मी, हा वास याआधी तूच मला स्वच्छ म्हणून शिकवलास. पुष्कळ वेळा. नक्की?"

आई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून. ती फक्त बघत होती, जशी ती थेंब टाकल्यावर कागदाकडे बघायची, रंग कोणता येतोय त्याची वाट पाहत.

उर्मी पेटीकडे न बघता आईकडे वळली.

"नक्की," ती म्हणाली. "तेव्हा मी खोटं शिकवलं होतं, आई."

मग तिनं ती बाटली बाजूला ठेवली, रांगेतून ब्लीचची दुसरी उचलली, टोपीखाली लावली आणि पुन्हा हिरवं बटण दाबलं.